तुंबलेलं यंत्र आणि आपलं जड पाणी

मैत्रिणींनो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक नवीनच तक्रार डोकावू लागली आहे. पूर्वी पत्रं यायची ती पापड लाल का पडतात, लोणच्याला बुरशी का धरते, कुकरची शिट्टी का होत नाही अशी. आता वणीच्या एक शिक्षिका भगिनी लिहितात:

"आमच्याकडे भांडी धुण्याचं यंत्र घेऊन दीड वर्ष झालं. पहिले आठ महिने दृष्ट लागावी असं चाललं. आता धुऊन झालं तरी तळाशी पाणी साचून राहतं, वरच्या कप्प्यातल्या वाट्या खरकट्याच निघतात आणि ताटांवर रांगोळीची भुकटी फिरवल्यासारखा पांढरा थर दिसतो. दुरुस्तीवाला नागपूरहून येणार, त्याला आठ-दहा दिवस लागतील म्हणतात. तोवर शाळेतून आल्यावर मी पुन्हा मोरीपाशी. सासूबाई म्हणाल्या, 'पाहा बाप्पा, मी म्हणत होती ना! हातानं घासले असते त कधीचेच भांडे झाले असते.' ह्यांनी काही म्हटलं नाही, पण यंत्रावर टेबलक्लॉथ घालून त्यावर गव्हाचा डबा ठेवून दिला."

तो गव्हाचा डबा वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मिक्सर बंद पडला तर घरात सगळे मिक्सरला नावं ठेवतात. भांड्यांचं यंत्र बंद पडलं की दोष मात्र ते मागणाऱ्या बाईच्या माथी येतो. जणू तिनं आळसासाठीच ते आणलं होतं आणि देवानं तिला बरोबर धडा दिला! म्हणून हे यंत्र का तुंबतं आणि मोकळं कसं करायचं, ते आज जरा सविस्तर लिहिते. या पत्रातल्या तिन्ही तक्रारींपैकी एकीलाही दुरुस्तीवाल्याची गरज असेल असं मला वाटत नाही. यंत्र मोडलेलं नाही, ते तुंबलेलं आहे.

ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांनी लगेच पान उलटू नये, बरं का. खरकटं, तेलतूप आणि पाण्यातले क्षार या तीन गोष्टींनी यंत्र तुंबतं, आणि स्वयंपाकघरातलं सिंकही त्यांनीच तुंबतं. शिवाय २०२० सालच्या टाळेबंदीत कामाच्या बायकांचं येणं थांबलं, तेव्हापासून हे यंत्र पुण्या-मुंबईपुरतं उरलेलं नाही. आज नाही तर उद्या तुमच्या सुनेबरोबर येईल, किंवा मुलगी पाठवील.

आधी यंत्र आत काय करतं ते समजून घेऊ. पुष्कळजणींची समजूत अशी असते की ते नळासारखं सारखं नवं पाणी सोडत असतं. तसं मुळीच नाही. ते तळाशी तीन-चार लिटर पाणी घेतं, तापवतं, आणि पंपानं तेच पाणी फवाऱ्याच्या फिरत्या पंख्यांतून भांड्यांवर मारतं. ते पाणी खाली येतं, गाळणीतून गाळलं जातं आणि पुन्हा वर फेकलं जातं. असं बराच वेळ चालतं. मग ते पाणी बाहेर टाकून नवं घेतलं जातं. सगळं मिळून घरभराच्या भांड्यांना साधारण दहा ते पंधरा लिटर पाणी पुरतं. मोरीवर नळ सोडून घासायला बसलं तर तेवढं पाणी पहिल्या कढईतच जातं! २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला आणि यवतमाळकरांनी टँकरमागे भांडी घेऊन धावाधाव केली. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना या हिशेबाचं मोल सांगायला नको.

पण याच काटकसरीत तुंबण्याचं मूळ आहे. पाणी तेच तेच फिरतं, म्हणजे त्यातली घाणही तीच तीच फिरते. ती अडवायला मध्ये एक गाळणी असते, आणि ती गाळणी आपण कधी पाहिलेलीच नसते. यंत्र बसवून द्यायला आलेला मुलगा दहा मिनिटं बटणं दाखवतो, गाळणी दाखवत नाही. माहितीपुस्तिका कपाटात जाते. मग आठ महिन्यांनी पाणी साचलं की आपण घाबरतो.

वणीच्या भगिनींनो, आजच रात्री हे करा. यंत्राचा प्लग काढा. खालचा कप्पा पुढे ओढून बाहेर ठेवा. तळाशी मध्यभागी पेल्यासारखी गोल गाळणी दिसेल. ती बहुतेक यंत्रांत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरवली की सुटते आणि वर उचलली जाते. तिच्याखाली बारीक जाळीची एक पसरट चकती असते, तीही काढा. आता नाकाला पदर लावा, कारण वास येणारच. जुन्या दात घासायच्या ब्रशानं, भांड्याचा साबण लावून, वाहत्या कोमट पाण्याखाली दोन्ही जाळ्या आतून-बाहेरून स्वच्छ करा. तारेची घासणी लावू नका, बारीक जाळी फाटते. पुन्हा बसवताना ती घट्ट फिरून बसली आहे ना, ते हलवून पाहा. सैल राहिली तर खरकटं बाजूनं निसटून थेट पंपात जातं आणि मग मात्र खरोखरच नागपूरची वाट पाहावी लागते.

या गाळणीत काय सापडतं ते पाहून घरात काय शिजतं ते ओळखावं! परदेशातल्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं की गाळणी पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं साफ करा. तिकडच्या जेवणाला ते ठीक असेल. आपल्याकडे फोडणीशिवाय पान हलत नाही. मोहरीचे दाणे, कढीपत्ता, कोथिंबिरीच्या काड्या, मिरचीची सालं, तुरीच्या डाळीची टरफलं, भाताची शितं, लिंबाच्या बिया, चहाचा चोथा. मोहरीचा दाणा तर असा खोडकर की जाळीतून कुठे फट मिळाली की वर जाऊन फवाऱ्याच्या भोकातच नेमका बसतो. आपल्याकडची जवसाची चटणी आणखी वेगळी. जवस पाण्यात पडला की बुळबुळीत होतो, आणि त्या चिकट्याला बाकी सगळा कचरा येऊन चिकटतो. पिठलं, झुणका आणि कणकेच्या परातीचं पीठ यांची गरम पाण्यात खळ होते. ही खळ जाळीवर बसली की कागद चिकटवावा तशी जाळी बंद. म्हणून आपल्या घरी गाळणी दर दोन-तीन दिवसांनी नुसती काढून नळाखाली धरावी, आणि आठवड्यातून एकदा ब्रशानं साफ करावी. पाच मिनिटांचंही काम नाही.

भांडी आधी धुऊन मग यंत्रात लावणाऱ्या काही जणी मला ठाऊक आहेत. मग यंत्र कशाला आणलं, असा प्रश्न सासूबाईंनी विचारला तर तो रास्तच म्हणायचा! धुवायचं नाही, फक्त निपटायचं. ताटातलं उष्टं हातानं किंवा रबरी पट्टीनं कचऱ्यात काढावं. कढईच्या तळाशी राहिलेला रश्श्याचा तवंग जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसून घ्यावा. पिठल्याचं आणि कणकेचं भांडं तेवढं वाळू द्यायचं नाही, त्यात थोडं पाणी घालून ठेवायचं आणि यंत्रात लावताना ओतून टाकायचं. बाकी काम यंत्राच्या साबणावर सोपवावं. बहुतेक चांगल्या साबणांत पिष्ट आणि प्रथिनं पचवणारी विकरं असतात, आपल्या लाळेत नि जठरात असतात तशीच. आणखी एक, लोणच्याच्या किंवा सॉसच्या रिकाम्या बाटल्या धुवायला लावताना त्यांवरचा छापील कागद आधी भिजवून काढून टाका. तो गरम पाण्यात सुटतो आणि त्याचा लगदा सरळ पंपाच्या तोंडाशी जातो.

तेलतुपाची तऱ्हा वेगळी. खरकटं डोळ्यांना दिसतं, तूप दिसत नाही. गरम पाण्यात ते वितळून निघून गेलं असं वाटतं, पण निचऱ्याच्या थंड नळीत पोचलं की पुन्हा थिजतं. थंडीत आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, मग नळीतल्या वनस्पती तुपाचं काय होत असेल विचार करा. त्यातून वीज वाचवायची म्हणून आपण नेहमी अर्ध्या तासाचा झटपट कार्यक्रम लावतो. त्यात पाणी फारसं तापतच नाही. चहाच्या कपबशांना तो पुरे, पण दिवाळीच्या फराळाच्या कढयांना किंवा मटणाच्या गंजाला नाही. तेलकट भांड्यांना साठ-सत्तर अंशांचा कार्यक्रमच लावावा. पाहुणे येऊन गेल्यावर एकदा यंत्र रिकामं, सर्वांत गरम कार्यक्रमावर चालवावं, म्हणजे नळीतला मेणचटपणा सुटतो.

आता आपल्या जिल्ह्याचं खरं दुखणं, ते म्हणजे पाणी.

तुमच्या घरचं पाणी कसं आहे ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीचं वरण नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या घेऊनही डाळ फुटत नसेल, अंगाला साबण लावल्यावर फेस न येता दह्यासारख्या चोथ्या पडत असतील, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरं कवच धरत असेल, तर ते पाणी जड. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणत. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पावसाचं पाणी जमिनीत मुरून खडकांतून जितकं जास्त हिंडेल तितके ते क्षार सोबत घेतं. म्हणून धरणाच्या पाण्यापेक्षा विहिरीचं, आणि बहुधा विहिरीपेक्षा खोल बोअरचं पाणी जड. आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, आणि वणी-मुकुटबनकडे तर जमिनीत चुनखडीच आहे. तिकडे सिमेंटचा कारखाना आला तो त्या चुनखडीमुळेच. ज्या दगडाचं सिमेंट होतं तोच दगड थोडा थोडा विरघळून आपल्या यंत्रात येतो, मग तिथे गिलावा नाही होणार तर काय!

हिशेबच करून पाहू. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठिणपणा चांगला मानला आहे, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायला सांगितलं आहे. आपल्या बोअरचं पाणी मधलं, म्हणजे ४०० चं धरू. एका धुण्याला बारा लिटर पाणी लागलं तर त्यातून पावणेपाच ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर क्षार यंत्रात आला. रोज एकदा यंत्र लावलं तर वर्षाचे झाले पावणेदोन किलो. सगळाच आत बसत नाही, बराचसा पाण्याबरोबर निघून जातो. पण पाणी तापलं की त्यातला काही भाग चुन्याच्या रूपात सुटतो आणि नेमका तापणाऱ्या भागावर, फवाऱ्याच्या भोकांत आणि पंपाच्या आसपास धरतो. भोकं अर्धी बुजली की पाण्याचा मारा वरच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही. वणीच्या भगिनींच्या वाट्या खरकट्या निघतात त्या यामुळे, आणि ताटांवरची रांगोळी ती हीच.

गंमत म्हणजे हे दुखणं यंत्राइतकंच जुनं आहे. पाण्याच्या माऱ्यानं भांडी धुण्याचं उपयोगी पडेल असं यंत्र अमेरिकेतल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफाइन कॉक्रेन या बाईंनी तयार केलं आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचं पेटंट घेतलं. नवऱ्याच्या मागे कर्ज राहिलेली ही विधवा, पण खचली नाही. १८९३ साली शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात या बाईंची यंत्रं मांडलेली होती. हॉटेलांनी ती घेतली. घरोघरी जायला मात्र पुढे कितीतरी वर्षं लागली. एक तर यंत्राला लागेल इतकं गरम पाणी तेव्हा घराघरांत नव्हतं, आणि दुसरं, पुष्कळ ठिकाणचं पाणी इतकं जड होतं की साबण फेसाळतच नसे. तेव्हा वणीच्या भगिनी एकट्या नाहीत!

यावर उपाय यंत्रातच करून ठेवलेला असतो, पण तो आपण वापरत नाही. तळाशी गाळणीच्या शेजारी एक मोठं गोल झाकण असतं. त्यात मिठाचा कप्पा आहे. आत राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं ते धुतले जातात आणि पुन्हा कामाला लागतात. मीठ संपलं की मणी निकामी, आणि जड पाणी जसंच्या तसं यंत्रात. मीठ संपल्याचा दिवा लागतो. तो लागलेला असूनही 'चालतंय ना' म्हणून महिनोन्‌महिने सोडून देणारी घरं पुष्कळ आहेत. काही दुकानदार सांगतात की सगळं एकाच गोळीत असतं, मीठ लागत नाही. नळाचं पाणी मऊ असेल तिथे चालेल. बोअरच्या पाण्याला गोळीतलं औषध पुरं पडत नाही.

पहिल्या वेळी त्या कप्प्यात आधी पाणी भरायचं आणि मग नरसाळ्यानं मीठ, साधारण किलोभर जातं. पुढे फक्त मीठ. झाकण घट्ट लावायचं. मीठ नेहमी यंत्र सुरू करण्याच्या अगदी आधी घालावं, म्हणजे बाहेर सांडलेलं खारं पाणी लगेच धुतलं जातं. रात्री मीठ घालून सकाळी यंत्र लावलं तर तळाच्या स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात. मीठ घालणं इथे संपत नाही. यंत्राला आपलं पाणी किती जड आहे ते सांगावंही लागतं. त्यासाठी पुस्तिकेत आकड्यांचा तक्ता असतो आणि बऱ्याच यंत्रांसोबत पाण्यात बुडवून रंग पाहायची कागदी पट्टीही येते. ती पट्टी खोक्यातच राहिली असेल तर शोधून काढा. बसवून देणारा मुलगा बहुधा कारखान्यातला मधला आकडा तसाच ठेवतो. शिवाय उन्हाळ्यात नळ कमी आणि बोअर जास्त असं आपलं चालतं, तेव्हा फाल्गुन-चैत्रात तो आकडा एक पायरी वर न्यावा.

आधीच धरलेला चुना काढायला सायट्रिक अॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, उत्तम. किराणा दुकानात मिळतं. फवाऱ्याचे पंखे काढा. खालचा बहुधा वर ओढला की येतो, वरच्याला फिरकी असते. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून त्यात तासभर बुडवून ठेवा. बुडबुडे येतील, चिंचेनं पितळ उजळतं तसं हेही आंबटाचंच काम आहे. (चिंच मात्र वापरू नका, तिच्या गरानं नवीनच कचरा होईल.) मग दात कोरायच्या काडीनं एकेक भोक मोकळं करून, पंखा कानाशी धरून हलवा. आत मोहरी खुळखुळली तर नळाखाली धरून झटकून काढा. हे झाल्यावर रिकाम्या यंत्राच्या तळाशी शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून, साबण न घालता, गरम कार्यक्रम एकदा चालवा. जड पाण्याच्या घरी दोन-तीन महिन्यांनी एवढं केलं तरी पुरे. व्हिनेगर वरचेवर ओतू नये, त्यानं रबरी कडा खराब होतात.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. तुंबलं म्हणून घाईघाईनं संडास साफ करायचं अॅसिड यंत्रात किंवा सिंकमध्ये ओतू नका. ते स्टील खातं. आणि कुठलंही अॅसिड, लिंबूसत्त्वसुद्धा, ब्लीचिंग पावडरीच्या किंवा ब्लीचच्या पाण्यात कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

जिल्ह्यातल्या वाचकांसाठी आणखी एक. पांढरकवडा, झरी-जामणीकडच्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे सर्वांना माहीत आहे. कठिणपणा आणि फ्लोराइड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांड्यावर पांढरा थर आला म्हणजे फ्लोराइड आहे असं नाही, आणि थर नाही म्हणजे पाणी पिण्याजोगं आहे असंही नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पिण्याच्या पाण्याची शंका असेल तर सरकारी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा, यंत्रावरून अंदाज बांधू नये.

गाळणी साफ केली, चुना काढला, तरी पाणी साचतंच आहे? मग निचरा पाहायचा. (गाळणीच्या खालच्या खळग्यात थोडं पाणी नेहमीच राहतं, त्याची काळजी नको. जाळीच्या वर साचलं तरच तुंबलं म्हणायचं.) प्लग काढून वाटीनं आणि फडक्यानं पाणी उपसा. खळग्यात हात घालण्याआधी विजेरीनं नीट पाहा, फुटलेल्या पेल्याची काच असते. मग मागची नळी. यंत्र भिंतीला फार चिकटवलं तर ती मुरगळते. पुष्कळ घरी तिचं टोक नुसतं मोरीत जमिनीवर सोडलेलं असतं, ते चूक. मग पाणी आपोआप ओढलं जातं किंवा मोरीतलं घाण पाणी उलट चढतं. पुस्तिकेत दिलेल्या उंचीवरून, साधारण गुडघ्याच्या वरून, वळसा घेऊन ती खाली आली पाहिजे. सिंकच्या नळाला जोडली असेल तर दोष सिंकचाच असू शकतो. सिंकखालच्या वाटीखाली बादली ठेवून ती वाटी हातानं फिरवून काढा. अर्ध्या वेळा तुंबलेलं असतं ते तिथे. यंत्र नसलेल्या मैत्रिणींनी हाच उपाय करावा, प्लंबरला बोलावण्याआधी. वाटी साफ करून बसवल्यावर मूठभर धुण्याचा सोडा आणि वरून गरम पाणी सोडलं की तेलाचा मेणचटपणाही निघतो.

कधी उलटंच होतं, यंत्रात पाणी येतच नाही आणि आपण म्हणतो तुंबलं. नळाला जिथे नळी जोडतात तिथे आत एक नखाएवढी जाळी असते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, टँकरचं पाणी टाकीत गाळ सोडतं, आणि ती काळी माती या जाळीवर बसते. नळ बंद करा, नळी हातानं सोडवा, जाळी ब्रशानं धुवा, परत लावा. वीज मध्येच गेली तर दार तासन्‌तास बंद ठेवू नका. घाण पाणी आत मुरून खरकटं जाळीवर घट्ट बसतं. आणि चार दिवस माहेरी निघालात तर दार बोटभर उघडं ठेवून जा.

ही कामं कोणी करायची? गाळणी काढायला पान्हा लागत नाही, ताकद लागत नाही. मी तर म्हणेन वणीच्या घरी ही गाळणी त्या गव्हाच्या डब्यावाल्या गृहस्थांच्याच हाती द्यावी. डबा उचलता येतो त्यांना गाळणीही उचलता येईल. आठवीतल्या मुलाला मिठाचा कप्पा सोपवा, त्याला विज्ञानाच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी समोरच दिसेल. भांड्यांना बाई येत असतील आणि त्यांना पितळेची भांडी, लोखंडी तवा, अॅल्युमिनियमचे गंज हातानं घासायला द्यायचे असतील (ती यंत्रात घालूच नयेत, अॅल्युमिनियम काळं पडतं आणि लोखंड गंजतं), तर यंत्राचीही ओळख त्यांना करून द्या. यंत्र आलं म्हणून लगेच त्यांचे पैसे कापू नका. धान्य निवडणं, कपाटं आवरणं, अशी कामं घरात कमी नसतात.

पुसदच्या एका भगिनीनं विचारलं आहे की यंत्राचं मीठ महाग पडतं, घरचं का चालू नये? बारीक मिठात आयोडीन आणि ते मोकळं राहावं म्हणून घातलेली द्रव्यं असतात, शिवाय ते कप्प्यात दगडासारखं बसतं. खडेमिठात तर ज्या क्षारांना आपण पळवून लावतो आहोत तेच असतात, आणि मातीही. तेव्हा हे मीठ यंत्राचंच आणावं.

त्यांचाच दुसरा प्रश्न काचेच्या पेल्यांचा. ते धुरकट झाले आहेत, काय करावं? अर्धं लिंबू घेऊन एका पेल्यावर चोळा. चोळलेली जागा स्वच्छ झाली तर तो चुना आहे, वरचे उपाय करा. तशीच धुरकट राहिली तर काच झिजली आहे. पाणी गरजेपेक्षा जास्त मऊ केलं आणि साबण जास्त घातला की असं होतं. ते पेले पुन्हा चकचकीत होणार नाहीत. मिठाचा आकडा एक पायरी खाली आणा, साबण कमी करा आणि नवे पेले हातानं धुवा.